बाईंच्या नावाचं प्रवेशद्वार नको, बाईंचा वर्ग चालू ठेवा

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत,
मा. अध्यक्ष व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती,
जि. गोंदिया

विषय : बाईंच्या स्मृतीसाठी शाळेची रिकामी खोली व संध्याकाळचे दोन तास मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

वेशीवर बाईंच्या नावाचं प्रवेशद्वार उभारावं, असा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत येणार असल्याचं कळलं. बाईंबद्दल आपल्याला वाटणारा आदर त्यातून दिसतो आणि तो आम्हालाही तेवढाच आहे. तरीही आमची मागणी वेगळी आहे. शाळेच्या जुन्या इमारतीतली, पटसंख्या घटल्यापासून रिकामी पडलेली खोली संध्याकाळी दोन तास उघडी राहू द्या. त्या खोलीतून बाई जे चालवत होत्या, ते पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाईंनी चार कामं धरली : मोठ्या माणसांचा वाचनवर्ग, ग्रामपंचायतीसमोरचा बातमीफळा, मंडईतली (दिवाळीनंतरच्या जत्रेतली) दंडार, म्हणजे आपलं लोकनाट्य, आणि तलावाची वही, म्हणजे पाण्याच्या पातळीची नोंद. वर्गात वाचायला शिकलेल्या बायांनी फळा लिहिला, फळ्यावरचे प्रश्न दंडारीत गेले आणि दंडारीतून गाजलेला तलावाचा विषय ग्रामसभेच्या ठरावात उतरला. म्हणून यातलं एकच काम उचलून बाकीची सोडून दिली, तर ते एकही टिकणार नाही. पुढे हे जो कोणी चालवेल त्याला पहिल्यापासून चाचपडावं लागू नये, यासाठी कामाची रीत इथे तपशिलाने लिहीत आहोत.

सगळ्यात आधी वर्गाबद्दल, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे.

मोठ्या माणसाला अ, आ, इ पासून सुरुवात करून दिली तर तो पंधरा दिवसांत घरी बसतो. बाईंची सुरुवात तीन शब्दांची होती : धान, पार (तलावाचा बांध), नहर (कालवा). यांत अक्षरं पाचच येतात (ध, न, प, र, ह) आणि खूण एकच, काना. एवढ्यावर पान, धार, हार, पारा, राधा, धर, पहा असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात आणि ‘राधा, धान पहा’ हे आख्खं वाक्य फळ्यावर येतं. दुसऱ्या आठवड्यात तलाव, रोवणी (धानाची लावणी), मजुरी. इथे वेलांटी, उकार आणि मात्रा येते. जोडाक्षरं तिसऱ्या महिन्याच्या आत नाहीत. आणि ती येतात तेव्हा रफार आधी, कारण अर्ज, कर्ज, वर्ष, खर्च हे कागदावरचे रोजचे शब्द आहेत.

ध आणि घ एका आठवड्यात शिकवू नयेत. भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांचंही तेच. सारख्या दिसणाऱ्या दोन अक्षरांतलं एक पक्कं व्हायला तीन आठवडे द्यावेत, मगच दुसरं काढावं. दोन्ही एकदम दिली की दोन्ही कायमची घोटाळ्यात पडतात आणि नंतर तो घोटाळा सोडवणं नव्याने शिकवण्यापेक्षा कठीण जातं.

आपल्या झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ हे उच्चार नाहीत. बाई माणूस पाणीला ‘पानी’ म्हणते आणि तसंच लिहिते. त्यावर लाल रेघ मारणारा शिक्षक या वर्गात चालणार नाही. बाईंची पद्धत अशी होती : पहिले दोन महिने बोलतो तसं लिहू द्यायचं. मग फळ्याच्या डाव्या बाजूला ‘आपलं’ आणि उजव्या बाजूला ‘पुस्तकातलं’ असे दोन रकाने करून दोन्ही शेजारी लिहायचे. अर्ज लिहिताना उजवीकडचं घ्यायचं, दंडारीचे संवाद लिहिताना डावीकडचं. आपली बोली चुकीची आहे, असं त्या खोलीत कोणाला कधी ऐकावं लागलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या मागेही पहिलं वर्षभर लागू नये.

आकड्यांना वेगळा वेळ लागतो. पासबुक, मोबाइल, वजनकाटा आणि एटीएम यांवर इंग्रजी आकडे असतात, पाटीवर मराठी. मराठी एक इंग्रजी नवासारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठासारखा आणि मराठी सात इंग्रजी सहासारखा. पैसे काढायच्या स्लिपवर नेमक्या याच तीन चुका होतात. त्यामुळे दोन्ही आकडे पहिल्या दिवसापासून एकाखाली एक लिहून शिकवावेत. पासबुकातले रकाने वाचायला शिकवताना ‘जमा’ आणि ‘नावे’ यांत गोंधळ होतो. ‘शिल्लक’ वाढली की जमा, घटली की नावे, अशी पडताळणी प्रत्येक ओळीला करून घ्यावी.

गणितासाठी पुस्तकातली उदाहरणं नकोत, गावात उदाहरणांची कमी नाही. धानाचा कट्टा ४० किलोचा. मोजताना प्रत्येक कट्ट्यामागे एक किलो जादा गेला, तर १०० कट्ट्यांमागे अख्खा एक क्विंटल जातो. तेंदूपत्त्याचा पुडा ७० पानांचा. मोजून घेणाऱ्याने ७५ पानांचा पुडा मागितला, तर शंभर पुड्यांमागे ५०० पानं जादा जातात, म्हणजे सात पुड्यांची मजुरी बुडते. हे गणित ज्या बाईने स्वतः पाटीवर मांडलं, ती फडीवर (तेंदूपत्ता मोजून घेतात तिथे) पुढच्या हंगामात तोंडाने हिशेब विचारते. बाईंच्या शिकवण्यात आणि चळवळीत अंतर नव्हतं, ते या अशा उदाहरणांमुळे.

वर्ग कशामुळे मोडतो, हेही स्पष्ट लिहायला हवं. ‘मले आता या वयात काय समजते’ म्हणून जी बाई उठून जाते, तिची अडचण पुष्कळदा डोक्याची नसून डोळ्यांची असते. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. पाटी हातभर लांब धरली की अक्षर स्पष्ट दिसतं आणि जवळ आणली की पुसट होतं, एवढी परीक्षा पुरे आहे. पंचेचाळिशीच्या आसपास साधारण सव्वा ते दीड नंबरचा, पन्नाशीत दोनचा, साठीपुढे अडीचचा वाचायचा तयार चष्मा लागतो. वर्गाच्या पेटीत असे वेगवेगळ्या नंबरांचे आठ-दहा चष्मे ठेवलेले असावेत; तात्पुरता घालून पाहायचा, उपयोग झाला की डोळे तपासून आपला घ्यायचा. चष्मा लावूनही धुरकट दिसत असेल, दिव्याभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदू असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, तिकडे पाठवावं.

उजेडाचंही तसंच. एकच दिवा मधोमध टांगला की प्रत्येकीच्या पाटीवर तिच्याच डोक्याची सावली पडते. १२ वॅटचे तीन एलईडी बल्ब पुरतात : दोन बसणाऱ्यांच्या डाव्या अंगाला, एक फळ्यावर, आणि फळ्यावरचा असा तिरपा की चकाकी येणार नाही. फळ्यावरचं अक्षर दोन इंच उंचीचं असावं, त्याहून लहान असलं तर मागच्या रांगेतून दिसत नाही. पहिले दोन महिने वही नको, पाटीच हवी. रोवणी-निंदणाच्या हातांना बारीक पेन्सिल धरता येत नाही, जोर पडून टोक तुटतं आणि वहीतलं खोडलेलं पाहून मन खट्टू होतं. पाटीवरचं पुसलं की गेलं.

वेळापत्रक शाळेचं नसावं, शेतीचं असावं. रोवणी लागली की वर्ग बंद, पोळ्यानंतर सुरू. हलका धान कापायला आला की पुन्हा बंद, भारी धानाची मळणी उरकेपर्यंत बंदच. नंतर थेट मोहफुलं पडायला लागेपर्यंत सलग चालवता येतो. आठवड्यातून पाच संध्याकाळी, साडेसात ते नऊ. सात वाजता ठेवला तर चुली पेटलेल्या असतात आणि नवानंतर ताणला तर दुसऱ्या दिवशी निम्म्याच येतात. या वेगाने साधं छापील वाक्य अडखळत वाचायला सहा ते आठ महिने लागतात. कमी दिवसांत साक्षर करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

केंद्राच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरच्या असाक्षरांची नोंद होते आणि वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी तीन भागांची १५० गुणांची परीक्षा होते. ती आपल्या गावातही व्हावी, त्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. अडचण परीक्षेनंतरची आहे. प्रमाणपत्र मिळालं, वर्ग संपला, वाचायला हातात काही नाही, की दीड-दोन वर्षांत वाचणं विसरलं जातं आणि उरते फक्त सही. बाईंना सर्वात जास्त काळजी याच अवस्थेची होती. सही येते म्हणून ती बाई कागदोपत्री साक्षर झाली, पण समोरच्या कागदावर काय आहे हे तिला कळत नाही. घरी फिरवलेल्या ग्रामसभेच्या हजेरी रजिस्टरवर, बचत गटाच्या कोऱ्या ठरावावर अशाच सह्या होतात. म्हणून वर्गात सही सर्वांत शेवटी शिकवायची आणि ‘वाचल्याशिवाय सही नाही’ हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला. तो आजही तिथे आहे.

वाचण्याची सवय टिकावी म्हणून फळा. ग्रामपंचायतीसमोरच्या भिंतीवर सहा फूट बाय चार फुटांचा. काळ्या रंगाचे दोन हात, मध्ये एक दिवस वाळवण. नवा फळा लगेच लिहायला घेऊ नये. खडू आडवा धरून संपूर्ण फळा पांढरा होईपर्यंत घासायचा आणि पुसून काढायचा. हे केलं नाही तर पहिलं लिहिलेलं कधीच नीट पुसलं जात नाही, मागच्या आठवड्याची बातमी नव्या बातमीतून डोकावत राहते. वर दीड फुटाचं पत्र्याचं छज्जं लागतं, नाहीतर मृगाच्या पहिल्या पावसात सगळं वाहून जातं. सध्या ते छज्जं मोडलेलं आहे.

फळ्यावर चारच गोष्टी : गावाची एक बातमी, बाजारातले दोन-तीन भाव, तलावाची पातळी आणि एक प्रश्न. ओळी बारापेक्षा जास्त नाहीत. सोमवारी आणि गुरुवारी बदल. लिहिणाऱ्या बायांची पाळी लावलेली. लिहिण्याआधी मजकूर कच्चा पाटीवर लिहून दुसरीने मोठ्याने वाचायचा. कोणाच्या घरचं भांडण फळ्यावर नाही, कोणाचं नाव घेऊन आरोप नाही. हा नियम सुटला की फळा पुसला जातो, आणि एकदा पुसला गेला की लिहिणाऱ्या बाया पुढे येत नाहीत. प्रश्न मात्र रोखठोक असे : या वर्षी ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न किती झालं आणि त्यातले महिला-बालकल्याणाचे दहा टक्के कशावर खर्च झाले? लोकांना उपदेश करण्याऐवजी त्यांनाच प्रश्न विचारत पुढे न्यायचं, ही रीत विदर्भाला गाडगेबाबांच्या कीर्तनाने दिली आहे. स्वतः शाळेत न गेलेल्या त्या माणसाने समोर बसलेल्यांकडूनच उत्तरं काढून घेतली. फळ्यावरच्या शेवटच्या ओळीत बाईंनी तीच रीत आणली होती.

आता दंडारीबद्दल. काही सदस्यांना ती निव्वळ करमणूक वाटते, म्हणून थोडं सविस्तर.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या भागात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि मंडईत दंडार होते. वडसा देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचा हंगामही तेव्हाच सुरू होतो, रात्रभर नाटकं चालतात, आणि दिवसभर राबलेली माणसं पहाटेपर्यंत जागची उठत नाहीत. एवढं लक्ष कोणत्याही सरकारी मेळाव्याला मिळत नाही. बाईंनी ते ओळखलं होतं. पण दंडार बसवण्यामागे त्यांचं आणखी एक कारण होतं, आणि ते वाचनाचं होतं.

नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसाने तोच मजकूर पंधरा-वीस वेळा वाचला तर वाचनाला गती येते. पण तोच धडा वीस वेळा कोण वाचणार? भूमिका मिळाली की माणूस तालमीत नक्कल (संवादांची हाताने लिहिलेली प्रत) आनंदाने वीस वेळा वाचतो, कारण मंडईत सगळ्या गावासमोर उभं राहायचं असतं. म्हणून नक्कल करताना अक्षर बोटाच्या पेराएवढं मोठं, एका पानावर आठ ओळी, आपला संवाद गेरूने अधोरेखित, आणि आधीच्या पात्राचे शेवटचे तीन शब्द वर लिहिलेले. पाठ करून म्हणणाऱ्याला बाई थांबवत आणि कागदावर बोट ठेवून वाचायला लावत. पहिल्या दोन आठवड्यांत पाठांतर होऊ द्यायचं नाही. झालं की वाचणं थांबतं. प्रयोग वीस-पंचवीस मिनिटांचा, पात्रं सहा ते आठ, बोली आपलीच, ढोलकी, टाळ, डफ आणि पेटी. यापेक्षा लांब लिहिलं तर नवशिके मध्येच कोलमडतात. परंपरेने दंडारीत स्त्रीपात्रंही पुरुषच करतात. बाईंनी वर्गातल्या बायांना थेट मंचावर न आणता आधी सूत्रधाराजवळ बसून चिठ्ठ्या वाचण्याचं काम दिलं, मग गाण्याच्या मागच्या सुरात घेतलं आणि मग पात्रं दिली. घाई केली असती तर घरच्यांनी वर्गच बंद पाडला असता.

भिंतीवरच्या चित्रांचं थोडक्यात. शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीवर बाईंनी मुलांकडून आणि बायांकडून गावाचा नकाशा रंगवून घेतला : तलाव, तुडूम (पाणी सोडायचं दार), सलंग (सांडवा), नहर, बोड्या (लहान तळी), पांदण, प्रत्येक शेताचा गट नंबर. सातबारा हातात घेऊन आपली बांधी (धानाचं शेत) शोधणं हा वर्गातला धडाच होता. हा नकाशा आता खालून दोन फूट सोलला आहे. त्यावर ऑइल पेंट लावायचा विचार चालल्याचं ऐकलं. कृपया तसं करू नये. जमिनीतली ओल भिंतीत चढते, सोबत लोणा (खाराचा पांढरा थर) आणते, आणि वरून ऑइल पेंटचं कातडं बसवलं की ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, मग रंग पापुद्र्यांसकट सुटतो. दुरुस्ती अशी : सुटलेला भाग तारेच्या ब्रशने खरवडावा, लोणा कोरडाच झाडावा (पाण्याने धुतला तर परत आत मुरतो), कापडातून गाळलेल्या चुन्याचे तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. रंग गेरू, पिवळी माती आणि काजळी. बांधणीला धावड्याचा डिंक, एक लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळलेला. डिंक जास्त झाला की रंग तडकतो, कमी झाला की हाताला लागतो. वाळलेल्या तुकड्यावर बोट घासून बघावं. खालचे दोन फूट नुसता गेरूचा पट्टा ठेवावा आणि तो दर वर्षी दिवाळीला नव्याने सारवावा. काम नोव्हेंबरनंतर, भिंत पूर्ण वाळल्यावर.

चौथं काम तलावाचं. आपल्या भागात मालगुजारीच्या (जुन्या जमीनदारीच्या) काळातले तलाव आहेत. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून जास्त. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभालीची गावची जुनी व्यवस्था मोडली. बाईंची वही म्हणजे त्या व्यवस्थेचा एक तुकडा पुन्हा हातात घेण्याचा प्रयत्न होता.

तुडुमाजवळ सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी आहे. दर सोमवारी सकाळी पातळी लिहायची, वारा असेल तर लाट थांबेपर्यंत थांबून. शाळेच्या आवारात सरळ बाजूंचा डबा, झाडापासून झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातलं पाणी मिलिमीटरमध्ये मोजून डबा रिकामा. एवढंच. पण यातून काय कळतं ते पाहा. हिवाळ्यात पाऊस नसताना, तुडूम बंद असताना, उन्हाने तलावाचं पाणी दिवसाला तीन-चार मिलिमीटर उतरतं, म्हणजे आठवड्याला दोन-तीन सेंटिमीटर. वहीत आठवड्याला आठ-दहा सेंटिमीटरची घट दिसली तर पाणी गळतंय. मग पारीच्या खालच्या अंगाने चालत जाऊन ओली जागा शोधायची. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर नजर ठेवायची. गढूळ असेल तर माती आतून वाहून जाते आहे, त्याच दिवशी कळवायचं. खेकड्यांची बिळं आणि पारीवरच्या मोठ्या झाडांची कुजलेली मुळं ही दोन ठिकाणं आधी बघावीत. बेशरमाची झुडपं कोयत्याने कापून उपयोग नाही, पडलेल्या प्रत्येक तुकड्याला मुळं फुटतात. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर मुळासकट उपटून, तलावाबाहेर वाळवून जाळावी लागतात.

अर्जाला वहीचा आधार असला की तो नुसती तक्रार राहत नाही. पारीच्या दुरुस्तीचा अर्ज एका कार्यालयात बराच काळ पडून होता. बाईंनी वर्गातच माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला शिकवला : एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. ‘दुरुस्ती का झाली नाही’ असं विचारू नये, कारण ‘का’चं उत्तर देणं कार्यालयावर बंधनकारक नाही. ‘अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नस्तीची प्रत द्यावी’ असं मागावं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद टेबलावर सोडायचा नाही. तलावावरचे गावाचे हक्क कुठे लिहिलेत हे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत सापडतं; त्यांच्या नकला अभिलेख कक्षातून मिळतात. त्या नकलांची वर्गातली फाइल जपून ठेवली पाहिजे. आता तिला वाळवी लागायची भीती आहे, म्हणून किमान लोखंडी पेटी तरी तातडीने द्यावी.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट चालवला. अभ्यास गटात निर्णय होत नाही, विषय समजून घेतला जातो. निर्णय ग्रामसभेत, तेही सर्वसहमतीने. बाईंचा गुरुवारचा वर्ग त्याच धर्तीचा होता. येणाऱ्या ग्रामसभेची विषयपत्रिका तिथे शब्दाशब्दाने वाचली जाई, आणि मग महिला सभा होई. महिला सभा ग्रामसभेआधी घेणं कायद्यातच आहे. तिथे गुरुवारी वाचून आलेल्या बाया असल्या, तर चर्चा होते. नसल्या, तर सह्या होतात.

आपण म्हणाल, हे सगळं ठीक, पण चालवणार कोण? एकट्या बाईंसारखं माणूस मिळणार नाही, हे खरं आहे. म्हणून कामं वाटून घ्यावी लागतील. वर्गाला रोज दोन जणी लागतात, एक शिकवणारी, एक नव्यांजवळ बसणारी. वर्गातून पुढे गेलेल्या सात जणी पाळीने यायला तयार आहेत. गावातल्या बारावी झालेल्या मुलींना त्यांच्याबरोबर घ्यावं, एकट्या मुलींवर सोडू नये. त्या शिकायला किंवा लग्न होऊन बाहेर जातात आणि वर्ग बंद पडतो. फळा बचत गटांकडे, दंडार मंडळाकडे, तलावाची वही सातवी-आठवीच्या मुलांकडे. मोजमाप करता करता विज्ञान आणि भूगोल दोन्ही शिकले जातात. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला, तो काही आपल्यापासून लांबचा नाही.

खर्चाचंही सांगतो. ३६ वॅटचे दिवे, रोज दोन तास, महिन्याचे जास्तीत जास्त २५ दिवस धरले तरी महिन्याला १.८ युनिट वीज. पाट्या, खडू, चष्मे, फळ्याचं छज्जं, लोखंडी पेटी, चुना आणि डिंक यांचा खर्च प्रवेशद्वाराच्या एका खांबाएवढाही होणार नाही. महिला-बालकल्याणाच्या दहा टक्क्यांतून तो सहज बसतो. उरलेल्या पैशातून पुस्तकं घ्यावीत : मोठ्या अक्षरांची, तीस-चाळीस पानांची, शेती, आरोग्य, कायदा आणि गोष्टी. जाड ग्रंथांचे संच घेऊ नयेत. ते कपाटात कोंडून राहतात आणि नव्याने वाचायला लागलेल्याला त्यांची धास्ती वाटते. सोबत एक रोजचं मराठी वर्तमानपत्र.

खोलीबद्दल शाळा व्यवस्थापन समितीला काळजी वाटणं स्वाभाविक आहे. शाळेच्या सामानाचं कपाट वेगळं कुलूपबंद राहील. खोलीच्या दोन किल्ल्या असाव्यात, एक मुख्याध्यापकांकडे, एक त्या आठवड्याच्या पाळीवाल्या बाईकडे, आणि देवाणघेवाणीची नोंद रजिस्टरमध्ये. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. आपल्या समितीतल्या महिला सदस्यांपैकी काही जणी याच वर्गात वाचायला शिकल्या आहेत. त्यांचं म्हणणं बैठकीच्या इतिवृत्तात यावं, एवढं मागतो.

तेव्हा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत प्रवेशद्वाराच्या विषयाबरोबरच हा विषयही स्वतंत्र क्रमांकाने घ्यावा : संध्याकाळच्या वर्गासाठी खोली, वीजजोडणी व वार्षिक तरतूद. आधीच्या आठवड्यात महिला सभा वर्गाच्या खोलीतच घ्यावी. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. ती निघाल्याच दिवशी तिची प्रत आमच्याकडे द्यावी, म्हणजे फळ्यावर लिहिता येईल. पोळा झाला आहे, वर्ग सुरू करायची वेळ आली आहे आणि खोलीला कुलूप आहे. ठरावाची वाट न पाहता किल्ली या सोमवारी मिळाली तर हलका धान कापणीला येण्याआधी पहिले तीन शब्द शिकवून होतील.

आपले,
संध्याकाळच्या वर्गातील महिला, दंडार मंडळ आणि बाईंचे माजी विद्यार्थी

प्रत माहितीसाठी : ग्रामपंचायतीसमोरचा बातमीफळा